आईचे बासष्ट, माझे कारगिल, मुलीचे सिंदूर: घरातल्या युद्धस्मृती नोंदवण्याची रीत

८ मे २०२५ च्या रात्री, पाकिस्तानविरुद्धचे ऑपरेशन सिंदूर चालू असताना, ठाण्याला नौपाड्यातल्या आमच्या घरी कोणीच वेळेवर झोपले नव्हते. एकोणीस वर्षांची माझी मुलगी फोनवरून एकेक बातमी वाचून दाखवत होती आणि मध्येच म्हणाली, की कराची बंदर पेटले आहे. आतल्या खोलीत आडवी झालेली माझी ब्याऐंशी वर्षांची आई तिथूनच म्हणाली, "अगं, ते एकाहत्तरलाच पेटलं. आम्ही रेडिओवर ऐकलं की." मुलीला वाटले, आजीचा गोंधळ होतो आहे, आजीला वाटले, नात जुनेच काहीतरी वाचते आहे. बरोबर आजीचेच होते. १९७१ च्या डिसेंबरात ४ तारखेच्या आणि पुन्हा ८ तारखेच्या रात्री भारतीय नौदलाच्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला होता आणि तिथल्या तेलाच्या टाक्या पेटल्या होत्या. २०२५ च्या त्या रात्री काही वृत्तवाहिन्यांनी दिलेली कराची बंदरावरील हल्ल्याची बातमी मात्र खरी निघाली नाही.

त्यानंतर मी घरातल्या, आणि मग आमच्या सोसायटीतल्या काही घरांतल्या, युद्धाच्या आठवणी नोंदवायला घेतल्या. पहिल्या चार-पाच नोंदी वाया गेल्या, कारण माझे प्रश्नच चुकीचे होते. पुढे दिलेली रीत त्या चुकांतून हाती आली आहे. तिच्या मुळाशी एकच समजूत आहे: माणसाला युद्ध कसे दिसले हे बहुतांशी ते त्याच्याकडे कोणत्या वयात आणि कोणत्या वाटेने आले यावर ठरते, त्यामुळे नोंदीत आधी वय आणि वाट पक्की करावी आणि मते मागाहून आपोआप येतील तशी येऊ द्यावीत.

आधी वयाचा कागद

बोलायला बसण्यापूर्वी एका कागदावर घरातल्या प्रत्येकाचे जन्मवर्ष लिहावे आणि त्यापुढे तो माणूस साधारण दहा ते पंचवीस वर्षांचा असतानाचा काळ मांडावा. केवळ एका काळात जन्मल्याने पिढी बनत नाही, घडत्या वयात तीच ती मोठी घटना एकत्र वाट्याला आल्याने ती बनते, असे कार्ल मॅनहाइम या समाजशास्त्रज्ञाने १९२८ साली मांडले होते. आपल्या घरी हे पडताळून पाहायला एक संध्याकाळ पुरते. माझी आई १९४३ ची, म्हणून तिच्या कागदावर २० ऑक्टोबर १९६२ ला सुरू झालेले चीनचे आक्रमण आणि १९६५ चे पाकिस्तानशी झालेले युद्ध ही दोन्ही ठळक आली. तिच्याहून बारा वर्षांनी लहान असलेल्या मावशीच्या कागदावर बांगलादेश आला. माझ्या कागदावर कारगिल आले, आणि मुलीच्या कागदावर बालाकोट, युक्रेन आणि ऑपरेशन सिंदूर एकापाठोपाठ एक दाटीने आले.

कागद तयार झाला की दोन-तीन दिवस नुसते ऐकावे. घरात कोणी साल न सांगता "युद्धाच्या वेळी" असे म्हणाले, तर लगेच "कोणत्या?" असे विचारू नये, ते वाक्य जसेच्या तसे टिपून घ्यावे. साल सांगण्याची गरज ज्या युद्धाला पडत नाही, तेच त्या माणसाचे युद्ध असते. आई तसे म्हणते तेव्हा तिला बासष्ट अभिप्रेत असते, मावशीला एकाहत्तर, आणि दोघी एकाच वाक्याला मान डोलावत तास तासभर वेगवेगळ्या युद्धांबद्दल बोलू शकतात.

या फरकातून अपेक्षाही वेगळ्या होतात, असे मला नोंदी वाचताना जाणवले. ज्यांच्या कोवळ्या वयात बासष्ट झाले, ते विजयाच्या बातमीवर सहजी विश्वास ठेवत नाहीत. एक महिना आकाशवाणीवर धीराचे शब्द ऐकल्यावर २१ नोव्हेंबरला चीनने स्वतःच युद्धबंदी जाहीर केली, ही बोच त्यांच्या मनातून गेलेली नाही. ज्यांच्या वाट्याला एकाहत्तर आले, त्यांना ३ डिसेंबरला सुरू झालेले युद्ध १६ डिसेंबरला ढाक्यात सुमारे ९३ हजार युद्धकैद्यांसह संपते एवढा स्वच्छ निकाल पाहण्याची सवय लागली आणि पुढची सगळी युद्धे ते त्याच मापाने मोजतात. आमच्या पिढीने युद्ध टीव्हीवर पाहिले आणि शवपेट्या गावागावांत परत येताना पाहिल्या. आमच्यात म्हणून अभिमान आणि हळहळ एकाच वाक्यात येतात. हे ठोकताळे आहेत, आणि प्रत्येक घरात एखादा माणूस ते मोडणारा निघतोच. तो निघाला की त्याची नोंद सर्वांत आधी करावी.

कागदावर काही रकाने मोकळे दिसतील, त्यांकडेही लक्ष द्यावे. एप्रिल १९८४ पासून आपले जवान सियाचीनवर आहेत, आणि १९८७ ते १९९० या काळात शांतिसेना श्रीलंकेत होती, जिथे सुमारे १,२०० भारतीय जवानांचा मृत्यू झाला. तरी घराघरातल्या गप्पांत ही नावे क्वचितच निघतात. आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त सुभेदारांना दर वर्षी २६ जानेवारीला झेंड्याजवळ उभे केले जाते आणि कारगिलवर बोलायला सांगितले जाते. ते कारगिलला नव्हतेच. श्रीलंकेतल्या जाफन्याबद्दल विचारल्यावर त्यांनी पहिले वाक्य उच्चारले ते असे, की हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता.

मत विचारू नये, वस्तू विचारावी

माझा पहिला प्रश्न होता, "तुम्हाला त्या युद्धाबद्दल काय वाटते?" त्याचे उत्तर प्रत्येकाने शाळेतल्या भाषणासारखे दिले. जवानांचा त्याग, नेत्यांची दूरदृष्टी, नाहीतर नेत्यांचा नाकर्तेपणा. हे सगळे कोणत्याही वर्तमानपत्रात मिळेल, आणि ते बोलणाऱ्याचे स्वतःचे असेलच असे नाही. मग मी प्रश्न बदलला आणि आईला विचारले, "त्या वर्षी घरात काय कमी झालं?"

ती उठून कपाटाकडे गेली आणि दोन पाटल्या घेऊन आली, फिक्या, काहीशा तांबूस. तिचे लग्न मे १९६३ मधले. चीनच्या आक्रमणानंतर राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी सोने देण्याचे आवाहन झाले, सरकारने सुवर्णरोखे काढले, आणि जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम येऊन चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास बंदी झाली. सराफांचे आणि कारागिरांचे त्यात काय झाले हा वेगळा विषय आहे. आईच्या बाबतीत एवढेच झाले, की तिच्या अंगावर चौदा कॅरटच्या पाटल्या आल्या, आणि तिच्या मोठ्या जावेच्या पिवळ्याधमक पाटल्यांशेजारी त्या आयुष्यभर उण्या दिसल्या. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाल्यावरचे वाक्य तिलाही पाठ आहे. पण बासष्टचे युद्ध म्हणजे काय, असे विचारले तर तिचा हात आपोआप मनगटाकडे जातो. असे उत्तर मत विचारून मिळत नाही.

म्हणून प्रत्येक काळासाठी त्या काळाच्या वस्तू आधी आठवून ठेवाव्यात आणि त्यांच्याबद्दल विचारावे. बासष्ट आणि पासष्टसाठी रेडिओ हा पहिला प्रश्न: तो कोणाच्या घरी होता, बातम्यांना कोण कोण जमे, आकाशवाणीखेरीज आणखी कोणते केंद्र लावले जाई, आणि ते लावताना आवाज कमी का केला जाई. जवानांसाठी स्वेटर कोणी विणले, लोकर कुठून आली, हे विचारावे. लालबहादूर शास्त्रींच्या आवाहनानुसार सोमवारी रात्रीचे जेवण घरात खरोखर वगळले जाई का, आणि मुलांनाही ते वगळावे लागे का, हे विचारल्यावर बहुतेक घरांत हशा पिकतो आणि मग खरी हकीकत बाहेर येते. एकाहत्तरसाठी खिडक्यांना लावलेले काळे किंवा खाकी कागद, दिव्यांच्या भोवतीची टोपणे, मोटारींचे अर्धे रंगवलेले दिवे आणि भोंगा यांविषयी विचारावे. अंधारात स्वयंपाक कसा उरकला, बाळंतीण किंवा आजारी माणूस घरात होते का, लोकल चालू होत्या का, अशा प्रश्नांना माणसे फार तपशिलाने उत्तरे देतात, कारण ती त्यांनी स्वतः केलेली कामे असतात.

जुनी पत्रे असतील तर ती आधी पाहावीत आणि मग बोलायला बसावे. सैन्यातल्या माणसाच्या पत्त्यात गावाचे नाव नसे. तुकडीच्या नावानंतर "५६ एपीओ" किंवा "९९ एपीओ" (एपीओ म्हणजे सैन्याचे टपाल कार्यालय) एवढेच लिहिलेले असे, आणि पत्र कुठे जाते हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसे. ही न सांगितलेली जागा हाच त्या पत्राचा सर्वांत बोलका भाग आहे. पत्र पाठवणाऱ्या बाईला नवरा कुठे आहे असे वाटत होते, आणि तो प्रत्यक्षात कुठे होता, हे दोन्ही वेगवेगळे लिहून ठेवावे. १९७१ च्या नोव्हेंबरापासून पुढच्या काळातल्या पाकिटांवर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचे आणखी एक तिकीट दिसते. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठी लावलेला तो कर होता. आमच्या घरी असे एक पाकीट मिळाले आणि मावशीला एकदम आठवले, की पोस्टात रांगेत उभे राहून लोक त्या पाच पैशांवरून कुरकुर करत. विजयाच्या वर्षाची ही कुरकूर इतिहासाच्या पुस्तकात शोधून सापडणार नाही.

कारगिलच्या वेळी हाताळायच्या वस्तू कमी आणि पाहायच्या जास्त होत्या, म्हणून आमच्या पिढीला टीव्हीबद्दल विचारावे. माझी स्वतःची नोंद मी मुलीला घ्यायला लावली, आणि तिने विचारले, "त्या जूनमधला एक दिवस सांगा." मला आठवला तो ८ जून १९९९, मँचेस्टरला विश्वचषकात भारताने पाकिस्तानला ४७ धावांनी हरवले तो दिवस. त्याच आठवड्यात तोलोलिंगच्या चढावर माणसे मरत होती आणि तेव्हा मला त्या शिखराचे नावही माहीत नव्हते. हे सांगताना मला बरे वाटले नाही. नोंदीत ते तसेच ठेवले आहे.

तारखा जुळवताना

आठवण खोटी नसते, पण ती जागा बदलते. नोंद घेताना मध्येच तारीख दुरुस्त केली की बोलणारा गप्प होतो किंवा आपल्या हो ला हो मिळवू लागतो, म्हणून पडताळणी नेहमी मागाहून आणि शक्यतो दुसऱ्या दिवशी करावी. त्यासाठी काही पक्क्या खुणा हाताशी असाव्यात.

पहिली खूण टीव्हीची. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले, तेव्हा "एकाहत्तरचे युद्ध आम्ही टीव्हीवर पाहिले" असे ठाण्यातल्या कोणी सांगितले, तर त्यांनी ती दृश्ये नंतर कधीतरी, किंवा चित्रपटगृहातल्या वार्तापटात पाहिली असण्याची शक्यता जास्त. दुसरी खूण गाण्याची. "ऐ मेरे वतन के लोगो" हे गाणे चीनच्या युद्धात रेडिओवर लागत असे, असे मला तिघांनी शपथेवर सांगितले. लता मंगेशकरांनी ते दिल्लीत प्रथम गायले २७ जानेवारी १९६३ ला, म्हणजे युद्धबंदीनंतर दोन महिन्यांनी. युद्धाचे दुःख आणि त्या दुःखाला मिळालेला सूर या दोन्ही गोष्टी स्मरणात एकजीव होतात, आणि त्या कशा एकजीव झाल्या हेही नोंदवण्याजोगे आहे. तिसरी खूण धान्याची. घाटावरून आलेली वडीलधारी माणसे "युद्धात मिलो खाल्ला, सुकडी खाल्ली" (मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, सुकडी म्हणजे दुष्काळी कामांवर वाटलेले कोरडे खाणे) असे सांगतात, तेव्हा ती बहुधा १९७२ च्या दुष्काळाबद्दल बोलत असतात. विजय आणि दुष्काळ यांच्यात एकाच वर्षाचे अंतर असल्याने पोटाने दोन्ही एकत्र ठेवले आहेत. सातारा-कराडकडच्या माणसांसाठी ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप ही उत्तम खूण आहे: अमुक गोष्ट भूकंपाच्या आधीची की नंतरची, हे ती चुकत नाहीत.

आपल्या भागात एक तारीख विशेष जपून हाताळावी लागते. २६ जुलै हा कारगिल विजय दिवस आहे, पण ठाणे, कळवा, मुंब्रा किंवा नवी मुंबईत "सव्वीस जुलै" म्हटले की २००५ चा पाऊस आठवतो: बंद पडलेल्या लोकल, रुळांवरून चालत आलेली माणसे, रात्रभर न लागलेले फोन. माझ्या एका शेजाऱ्याने सव्वीस जुलैच्या आठवणी सांगायला सुरुवात केली, आणि दहा मिनिटे मी त्या कारगिलच्या समजून ऐकत होतो. तेव्हा दिवसाच्या नावाने प्रश्न विचारू नये, घटनेच्या नावाने विचारावा.

चूक सापडली तर मूळ वाक्य खोडू नये. समासात पेन्सिलीने खरी तारीख लिहावी आणि बोलणाऱ्याला दाखवावी. काही जण हसून मान्य करतात, काही जण करत नाहीत. आमच्या मावशीने एकाहत्तरच्या युद्धाच्या रात्री मुंबईच्या गोदीत उभी असलेली विक्रांत पाहिल्याचे सांगितले होते. ती युद्धनौका तेव्हा बंगालच्या उपसागरात होती. मी ते दाखवल्यावर मावशी म्हणाली, "मग दुसरी कुठली तरी असेल, पण होती." तेही लिहून घेतले.

इथली घरे कुठून आली हे विचारावे

ठाणे आणि नवी मुंबईत युद्धस्मृती नोंदवायची असेल तर पत्ता पाहून अंदाज बांधू नये. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची आणि वाशीला लोकल आली १९९२ साली, म्हणजे वाशी-नेरुळच्या सदनिकांत एकाहत्तरचा ब्लॅकआउट कोणी अनुभवलेला नाही. तिथले आजोबा तो गिरगावच्या चाळीतला, परळचा किंवा सांगलीचा सांगतात. एकाच मजल्यावर तीन गावांचे एकाहत्तर भेटते. कोपरखैरणे, घणसोलीच्या माथाडी वसाहतींत सातारा, सांगलीकडची बरीच घराणी आहेत, आणि तिथे युद्ध म्हणजे बातमी नसून नोकरी आहे. सातारा जिल्ह्यातले अपशिंगे गाव अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखले जाते, आणि मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनने डिसेंबर १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला दिलेली लढत त्या भागातल्या काही घरांत काका-मामांच्या नावाने सांगितली जाते. अशा घरी "तुम्हाला युद्ध कसे कळले?" या प्रश्नाला अर्थ नाही, तिथे मनीऑर्डर, रजा आणि तार यांबद्दल विचारावे. तारवाला दारात आला की बायका ती उघडण्याआधीच का रडू लागत, हे त्या घरातली पंचविशीतली मुले आता समजू शकत नाहीत, कारण तारसेवा २०१३ च्या जुलैतच बंद झाली आहे.

याउलट दिवाळे, सारसोळे, करावे आणि पुढे उरण, करंजा इथली आगरी-कोळी घरे तेव्हाही तिथेच होती, आणि मुंबईच्या बंदरापासून ती पाण्याच्या वाटेने फार लांब नव्हती. तिथे समुद्राबद्दल विचारावे: रात्री होड्या सोडल्या जात का, किनाऱ्यावर दिवा लावण्यावर कोणी हटकत असे का, मुंबईच्या बाजूचे आकाश कसे दिसे. ही नोंद त्यांच्याच बोलीत ठेवावी; प्रमाण मराठीत उतरवली की तिच्यातले वारे, भरती आणि अंतराचे शब्द गळून पडतात.

ठाणे पूर्वेच्या कोपरीत आणि उल्हासनगरात फाळणीनंतर आलेली सिंधी घरे आहेत. आमच्या एका जुन्या सिंधी शेजारीणबाईंनी मला सांगितले, की एकाहत्तरला कराची जळत असल्याचे ऐकून चाळीत पेढे वाटले गेले तेव्हा त्यांच्या सासूबाईंनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही. सासूबाईंचे माहेर कराचीचे होते. मुंब्रा-कौशात कोकणी मुसलमान कुटुंबांना विचारताना १९९० चा ऑगस्ट विसरू नये. इराकने कुवेत घेतल्यावर अम्मानमार्गे एक लाखाहून अधिक भारतीयांना विमानाने परत आणले गेले, आणि ज्या घरचा कर्ता आखातात होता त्या घरासाठी ते परक्या देशाचे युद्ध नव्हते. पुढच्या पिढीत हीच गोष्ट फेब्रुवारी २०२२ नंतर युक्रेनमधून परतलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या घरी घडली. नोंदीच्या यादीत "भारताने लढलेली युद्धे" एवढाच मथळा ठेवला तर ही सगळी घरे बाहेर राहतात.

तरुणांची नोंद त्याच आठवड्यात घ्यावी

वृद्धांची नोंद तातडीने घ्यावी हे सर्वांना पटते. माझ्या मते तरुणांची नोंद त्याहून तातडीची आहे. आईच्या पाटल्या साठ वर्षे कपाटात राहिल्या. मुलीने ८ मेच्या रात्री पाहिलेले व्हिडिओ आठवड्याभरात नाहीसे झाले, काही काढून टाकले गेले आणि काही इतर गोष्टींच्या खाली गाडले गेले. शिवाय त्यांतले काही युद्धाचे नव्हतेच. संगणकावरील खेळातली दृश्ये लढाईची म्हणून फिरत होती. म्हणून तरुणांना "काय पाहिलेस?" यापेक्षा "कोणी पाठवले, किती वाजता, आणि तू पुढे कोणाला पाठवलेस?" असे विचारावे. शेवटच्या प्रश्नाला ते अडखळतात. तिथे घाई करू नये आणि उपदेश तर मुळीच करू नये, कारण पासष्ट साली चाळीच्या जिन्यात पसरलेल्या अफवा त्यांच्या आजीनेही पुढे सांगितलेल्या असतात, आणि तिला तो प्रश्न कोणी विचारलेला नसतो. मी नंतर आईला विचारला. पाण्याच्या टाकीत विष कालवल्याची अफवा तिने दोन बिऱ्हाडांत स्वतः पोचवली होती.

या पिढीबद्दल एक गैरसमज घरोघरी आढळतो, की तिला युद्ध म्हणजे पडद्यावरचा खेळ वाटतो. आपल्या भागात तरी तो टिकत नाही. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये मारल्या गेलेल्या २६ जणांत डोंबिवलीचे तिघे आणि पनवेलचे एक जण होते. माझ्या मुलीच्या वर्गातली निम्मी मुले डोंबिवली-कल्याणहून लोकलने येतात. त्यांच्यासाठी ७ मेच्या पहाटेपासून १० मेपर्यंतचे चार दिवस हे स्टेशनावर लागलेल्या श्रद्धांजलीच्या फलकांपासून सुरू झाले होते. त्या आठवड्यात देशभर नागरी संरक्षणाच्या सरावाचा आदेश निघाला, त्या यादीत ठाणे आणि उरणही होते, आणि ब्लॅकआउट हा शब्द घरात पहिल्यांदाच तीन पिढ्यांनी एकत्र ऐकला. मुलीने त्याचा अर्थ फोनवर शोधला. आईने विचारले, काळे कागद आणायचे का. मी दोघींच्या मध्ये बसलो होतो आणि मला दोन्ही प्रश्न हास्यास्पद वाटले होते, हे आता नोंदवताना माझ्या पिढीचा आंधळेपणा जाणवतो: आम्हाला युद्ध नेहमी दूरच्या डोंगरावर चालते अशी सवय आहे.

शक्य असेल तर नातवंडानेच आजी-आजोबांची नोंद घ्यावी आणि मधल्या पिढीने खोलीबाहेर जावे. मुलासमोर आई-वडील सावरून बोलतात, नातीसमोर तसे करण्याची गरज त्यांना वाटत नाही. पाटल्यांची हकीकत मी ऐकली होती. जावेशी त्यावरून झालेला अबोला मात्र मुलीच्या नोंदीत प्रथम आला.

प्रत्यक्ष बसताना

यात फारसे अवघड काही नाही. दुपारी चारच्या सुमाराचा चहा झाल्यावर बसावे, रात्री बसू नये. रात्रीच्या आठवणी झोप घालवतात. पंखा बंद करावा किंवा फोन पंख्यापासून दूर ठेवावा, कारण ध्वनिमुद्रणात पंख्याची घरघर माणसाच्या आवाजावर मात करते. फोन विमानप्रवासाच्या सेटिंगवर ठेवावा. एका बैठकीला पाऊण तास पुरे. सुरुवातीला बोलणाऱ्याचे नाव, जन्मवर्ष, त्या वेळचे गाव आणि आजची तारीख आपल्याच आवाजात मुद्रित करावी, म्हणजे फाइलचे नाव बदलले तरी ओळख हरवत नाही. पत्रे आणि फोटो खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता टिपावेत, आणि पाकिटाची मागची बाजूही घ्यावी.

नोंद कोणाला ऐकवायची हे बोलणाऱ्याने ठरवावे, आणि ते आधी विचारावे. ज्यांच्या घरातले माणूस युद्धात गेले आहे त्यांच्याकडे मृत्यूच्या दिवसापासून सुरुवात करू नये. ते माणूस रजेवर आले असताना काय करत असे, इथून करावी. बोलता बोलता कोणी थांबले तर पुढचा प्रश्न विचारू नये आणि मुद्रणही लगेच बंद करू नये. दोन-तीन मिनिटे गेल्यावर "आज एवढंच" असे आपणच म्हणावे. सुभेदारांनी जाफन्याबद्दल दोन बैठकांत मिळून अकरा मिनिटे सांगितले आणि तिसऱ्या बैठकीला नको म्हणाले. अकरा मिनिटे राहिली. निवृत्त सैनिकाने एखादी गोष्ट सांगता येणार नाही असे म्हटले तर ती खोदू नये, आणि सध्या सेवेत असलेल्या नातेवाइकाची तुकडी, ठिकाण किंवा रजेच्या तारखा नोंदीत लिहू नयेत, समाजमाध्यमांवर तर कधीच टाकू नयेत. एखाद्या शहीद नातेवाइकाचे नाव किंवा पदक तपासायचे असेल तर दिल्लीतल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाचे संकेतस्थळ आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय या दोन ठिकाणांपासून सुरुवात करता येते.

नोंदींच्या दोन प्रती ठेवाव्यात: एक फोनबाहेर, संगणकावर किंवा पेन ड्राइव्हवर, आणि एक कागदावर उतरवून, वह्या-पत्रांबरोबर. आमच्या वहीत आईच्या पानाला पाटल्यांचा फोटो लावला आहे, मावशीच्या पानाला पाच पैशांच्या तिकिटाचे पाकीट. मुलीच्या पानाला काय लावायचे हे अजून ठरलेले नाही. तिने त्या रात्रीच्या कराचीच्या बातमीचे छायाचित्र फोनवर घेऊन ठेवले होते, ते लावावे आणि खाली "ही बातमी खोटी होती" असे लिहावे, असे तिचे म्हणणे आहे. आजीला ते मान्य नाही. तिच्या मते तिथे "१९७१ पाहा" एवढेच लिहावे.